काळ्या फोमचा रोबो
नव्या मिक्सरच्या खोक्यातून काळ्या फोमचा रबरी वास आला आणि वसईच्या कॉलेजातली रोबोंची कुस्ती आठवली. कळंबच्या माझ्या मित्राने आणि मी मिळून एक रोबो बनवला होता. तो ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी सोडायचा आणि त्या समोरच्या रोबोवर आपटून परतल्या की त्याच्यावर धावून जायचा. मित्राचे वडील फार आजारी होते, तरी हट्टाने बघायला आले आणि गर्दीमागे खुर्चीत बसले. फायनलला समोरच्यांनी आपला रोबो फोममध्ये गुंडाळून आणला. फोमने सगळ्या लहरी गिळल्या. आमचा रोबो जागीच गरगर फिरत त्याला शोधत राहिला आणि फोमवाल्या रोबोने मागून येऊन त्याला रिंगणाबाहेर ढकललं. टाळ्या पडल्या. वडिलांना गर्दीतून काहीच दिसलं नव्हतं. "जिकला ना रं आपला?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता मित्र म्हणाला, "हो बाबा, जिकला." पावसाळ्याआधीच ते गेले. मयताला आलेली माणसं मित्राच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, "तू जिकलास म्हनून सगल्या गावाला सांगत होता तुझा बाप." तो नुसती मान हलवत होता. त्यानंतर त्याने रोबोला हात लावला नाही. अजूनही कळंबला गेलो की कुणीतरी त्या विजयाबद्दल विचारतं, आणि मीही हो म्हणतो.