गेंडाछाप कार्ड आणि दोनशे चाळीस साचे

माझ्या फजितीच्या गोष्टी मी सहसा कुणाला सांगत नाही. गरजच पडत नाही, आमच्या चाळीतले लोक माझ्या आधी त्या सांगून मोकळे झालेले असतात. पण ही एक मीच सांगणार आहे, कारण दुसऱ्यांच्या तोंडी ती दर वेळी वाढत चाललीय. परवा एकाने मलाच ऐकवलं की मी त्या दिवशी स्टेजवरून पडलोसुद्धा होतो. पडलो नव्हतो हो. पडलो असतो तर निदान माईक तरी हातातून सुटला असता.

तर चहा घ्या आणि खरं काय झालं ते ऐका.

मी लालबागचा. दादरला प्रदर्शनांचे स्टॉल डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात कामाला आहे. स्टॉल उभा राहण्याआधी तो गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरवर आतून फिरवून दाखवायचा, हे माझं काम. त्यामुळे चाळीत कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाचा मोबाइल बादलीत पडला, की ‘नंदूला बोलवा’. माणसाला असं दहा-बारा वर्षं बोलावत राहिलं, की आपण तज्ज्ञ आहोत असं त्याला वाटायला लागतं. मला जरा लवकरच वाटायला लागलं.

आमचे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग. बाबा असे दोन साचे चालवायचे. गिरणी बंद पडली, नंतर पाडली, तिच्या जागी टॉवर आला, आणि या सगळ्याबद्दल बाबा घरात चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा त्या बाजूने चालत येताना टॉवरच्या गेटापाशी थांबले आणि बोट दाखवून म्हणाले, “हंय माझे दोन साचे होते. आता हंय गाडये लावतत.” रडून वगैरे नाही, सहज, कुणाला पत्ता सांगावा तसं. मला मात्र ते काही केल्या विसरता येईना.

त्यांची पंचाहत्तरी आली, तेव्हा मी ठरवलं की बाबांना त्यांचं साचेखातं परत दाखवायचं. कॉम्प्युटरवर, आत शिरून फिरता येईल असं, चालू साच्यांसकट. बाबांनी कॅलेंडरच्या पानांच्या मागे नकाशे काढून दिले. कुठला साचा कुठे, पाण्याचा माठ कुठे, कुठल्या खिडकीची काच फुटकी. साचे एकूण दोनशे चाळीस. मी दोनशे एकोणचाळीस केले असते तरी त्यांनी पकडलं असतं.

आता इथे तुम्हाला ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. घाबरू नका, मलाही थोडंच येतं, ते पुढे कळेलच. कॉम्प्युटरच्या डब्यात एक कार्ड असतं, ते पडद्यावरची चित्रं काढतं. या कार्डांच्या दोन मोठ्या कंपन्या, आणि त्यांचं एकमेकींशी जन्माचं वैर. नावं मी घेत नाही, उगाच इथेच दोन तट पडतील. एकीच्या खोक्यावर गरुड होता, दुसरीच्या खोक्यावर गेंडा. म्हणून आमच्या घरात गरुडछाप आणि गेंडाछाप.

माझ्याकडे गेंडाछाप होतं. तापायचं, अडखळायचं, आवाज तर असा करायचं की माझी बायको अलका मिक्सर बंद करायला उठायची. गरुडछाप मात्र सुनीताकडे. सुनीता म्हणजे माझी मेहुणी, अलकाची धाकटी बहीण. गिरगावात राहते, तिथल्याच एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मी एका रविवारी तिच्याकडे गेलो, उपमा खाल्ला आणि विषय काढला.

“सुनीता, तुला शाळेच्या कामाला एवढं भारी कार्ड कशाला? माझं घे, तुझं मला दे. बाबांचं काम आहे.”

तिने माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, त्यावरचा नंबर दोनदा वाचला.

“घेते की,” ती म्हणाली. “पण भावोजी, नंतर परत मागायचं नाही हं.”

मी मनातल्या मनात टाळी दिली. एवढी शिकलेली बाई, आणि गरुड देऊन गेंडा घेतला! घरी येताना मला इतकं अपराधी वाटलं, की दुसऱ्या दिवशी मी तिला अर्धा किलो पेढे नेऊन दिले. तिने तेही घेतले.

गरुडछाप बसवलं आणि कामाला लागलो. दहा साचे एकदम झकास. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, कापड उतरतंय, हवेत कापूस उडतोय. शंभर साच्यांना चित्र अडखळायला लागलं. आणि दोनशे चाळीस लावले तेव्हा पूर्ण साचेखातं एका जागी थिजलं. धोटा अर्ध्यात थांबलेला, कापसाचा तंतू हवेत लटकलेला. बाबा मागून डोकावले आणि म्हणाले, “संप झालो काय रे?”

मी पंखा साफ केला. वायर बदलली. गुरुवारी डब्यासमोर उदबत्तीही लावली, ती कुणाला सांगू नका. काही उपयोग नाही.

अशात सुनीता घरी आली आणि म्हणाली, “भावोजी, तुमच्या प्रोग्रॅममध्ये आता नवा इंटरफेस आलाय. सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करून बघा.”

“इंटरफेस बदलून काय होणार? कार्ड तेच ना?”

“तीच तर गंमत आहे. आत्तापर्यंत आपला प्रोग्रॅम कार्डाशी थेट बोलतच नव्हता. मध्ये कंपनीचा ड्रायव्हर नावाचा दुभाषा. एकेक साचा काढायचा हुकूम त्याच्याकडे जायचा, तो समजून घ्यायचा, मग कार्डाला सांगायचा. गरुडवाल्यांचा ड्रायव्हर हुशार, म्हणून त्यांचं कार्ड पळायचं. गेंडावाल्यांचा मंद, म्हणून ते बसून राहायचं. नव्या पद्धतीत मधल्याचं काम जवळजवळ संपलं. हुकूम गठ्ठ्याने थेट कार्डाकडे. आता कुणाच्या अंगात खरी किती ताकद आहे ते दिसणार.”

मी तज्ज्ञाला शोभेल असं हसलो. बाबा खाटेवर बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनी मान वर केली.

“म्हंजे मधलो जॉबर काढून टाकल्यानी.”

“कोण जॉबर, तात्या?” सुनीताने विचारलं. ती बाबांना तात्या म्हणते.

मग बाबांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. जॉबर म्हणजे कामगारांना काम वाटून देणारा मुकादम. त्यांच्या खात्यात दोन ओळींना दोन जॉबर होते. एक चलाख, त्याच्या ओळीला सूत वेळेवर, दुरुस्ती वेळेवर, म्हणून त्याचे कामगार हुशार ठरले. दुसरा ढिला. त्याची माणसं हात बांधून उभी, आणि साहेब म्हणायचा ही ओळच आळशी. एक दिवस तो ढिला जॉबर आलाच नाही. साहेबाने काम थेट माणसांच्या हातात दिलं. पाळी सुटेपर्यंत आळशी ओळीचं कापड दुसऱ्या ओळीपेक्षा जास्त भरलं.

“हात त्यांचे पयल्यापासून चांगलेच होते,” बाबा म्हणाले आणि भिजून पडलेली खारी चमच्याने काढायला लागले.

सुनीता त्यांच्याकडे बघतच राहिली. “तात्या, मी मुलांना हे दोन तास शिकवते,” ती म्हणाली, “आणि तरी त्यांना कळत नाही.”

खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. चौथी शिकलेला माणूस, त्याने उभ्या जन्मात माउसला हात लावला नाही, आणि जगभरच्या इंजिनिअरांचं भांडण त्याने एका खारीत सोडवलं. पण तज्ज्ञपणा वाईट असतो हो. मी म्हणालो, “बाबा, गिरणी वेगळी, कॉम्प्युटर वेगळा.”

तरी सुनीता गेल्यावर मी तो नवा इंटरफेस गुपचूप चालू करून पाहिला. माझ्या गरुडावर फारसा फरक पडला नाही. त्याचा मधला माणूस आधीच हुशार होता, आता त्याला काढून वाढणार किती? हे मला आज कळतं. तेव्हा मी एवढाच निष्कर्ष काढला की नवं ते सगळं थोतांड, आणि जुनी पद्धत परत लावली. सुनीताने फाइलची एक कॉपी मागितली होती. “ने, तुझा गेंडा तरी किती धावतो बघ,” असं म्हणून मी तिला देऊन टाकली.

समारंभ परळच्या एका हॉलमध्ये होता. मी माझा डबा अलकाच्या जुन्या चादरीत गुंडाळून टॅक्सीने नेला. सुनीताही तिचा डबा घेऊन आली होती. “असू दे, लागला तर,” ती म्हणाली. मी तो टेबलाखाली सरकवला, पुढून चादर सोडली आणि वर माझा मांडला. दुपारी तालीम केली. साचे दोन पावलं चालायचे आणि थिजायचे. बाबांचे साचेखात्यातले सोबती येणार होते, काही गावाहून एसटीने. कुणी ऐंशीचा, कुणाच्या हातात काठी. त्यांना परत एकदा बंद पडलेली गिरणी दाखवायची?

पण बाबांना आणायची वेळ झाली होती. “मी येईपर्यंत कुणी हात लावू नका,” असं बजावून मी निघालो.

परतलो तर हॉल भरलेला, दिवे मंद केलेले. सुनीता दारातच पुढे आली. “भावोजी, एक सांगायचं होतं.”

“नंतर.”

“अहो, पण डबा...”

“सुनीता, नंतर!” मी बाबांना पहिल्या रांगेत बसवलं आणि देवाचं नाव घेऊन हातातल्या रिमोटचं बटण दाबलं.

आणि साचे सुरू झाले.

दोनशे चाळीस. सगळे. एकही अडखळला नाही. दोनशे चाळीस धोटे एकदम इकडून तिकडे, खिडकीतून उन्हाचे तिरके पट्टे आणि त्या पट्ट्यांतून तरंगणारा कापूस. फुटक्या काचेतून येणारं ऊन थेट बाबांच्या साच्यांवर. मीच बनवलेलं, आणि मलाच ते खरं वाटेना.

मग मी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते हातांनी बोलत होते. साचेखात्यात एवढा आवाज असायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे खुणांनी बोलायचे. आमच्या स्पीकरचा आवाज तो केवढा! पण समोर साचे दिसले आणि त्यांचे हात आपसूक वर गेले. या रांगेतून त्या रांगेत, पाणी आण, धागा तुटला, साहेब आला. बाबा हसत होते. एवढ्या वर्षांत मी त्या खुणा घरात एकदाही पाहिल्या नव्हत्या. माझे डोळे भरून आले, ते मी लपवत नाही.

इथे मी गप्प बसलो असतो, तर आज हा किस्साच नव्हता.

पण मी माईक घेतला. आधी सगळ्यांचे आभार मानले, इथवर ठीक. मग म्हणालो की ही किमया एका कार्डाची आहे, गरुडछाप! म्हणालो, बाजारात गेंडाछापही मिळतं, पण ते चुकूनही घेऊ नका, माझ्याकडे होतं ते मी एका भोळ्या माणसाच्या गळ्यात बांधलं. लोक हसले. मला चेव आला. “नवे इंटरफेस, नव्या पद्धती, काही खरं नसतं. शेवटी कार्डातच दम लागतो. खोटं वाटतं? आता मी हा डबा बंद करतो, बघा क्षणात कसा अंधार होतो.”

बाबा पहिल्या रांगेतून चटकन उठले. “नको रे नंदू. गिरण बंद करू नको.”

“एकच मिनिट, बाबा. परत चालू करतो.” आणि मी ऐटीत माझ्या डब्याचं बटण दाबलं.

गिरणी चालूच राहिली.

उलट माझा डबा घूं करून जागा झाला. पंखा फिरायला लागला, दिवा लागला. म्हणजे इतका वेळ तो बंद होता. मी परत बटण दाबलं. डबा झोपला. साचे चालूच. हॉल टाळ्या वाजवायला लागला, लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

मी पडद्याकडे जाणारी वायर हाताने धरून चाचपत गेलो. ती टेबलावरून खाली उतरली, चादरीच्या मागून गेली आणि सुनीताच्या डब्यात शिरली.

“भावोजी, तेच सांगत होते,” सुनीता हळूच म्हणाली. पण माईक माझ्या हातात, तिच्या तोंडाजवळ, आणि चालू. “तुम्ही गेल्यावर तुमचा डबा बंद पडला, परत धड सुरूच होईना. म्हणून माझा जोडला, रिमोटपण त्यालाच लावला. नव्या इंटरफेसवर. आत तुमचंच गेंडाछाप कार्ड आहे.”

हे सगळ्या हॉलने ऐकलं. अलकाने पदर तोंडाला लावला.

“सुनीता, ते कार्ड...” मी सुरुवात केली.

“परत मागायचं नाही, असं ठरलंय,” ती म्हणाली. “पेढेपण खाऊन झाले.”

तेवढ्यात बाबांनी मागच्या रांगेतल्या एका सोबत्याकडे वळून हाताच्या चार-पाच खुणा केल्या. माझ्याकडे बोट, मग दाराकडे, मग दोन्ही हात धोट्यासारखे इकडून तिकडे. तो म्हातारा काठीवर वाकून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

“काय म्हणाले हो बाबा?” मी विचारलं.

त्याने डोळे पुसले. “म्हणता, जॉबर भायर गेलो, नि साचे सुरू झाले.”