दगडी कोळशावरचे पंख

बैलगाडी जुंपली तेव्हा धानाची मळणी आटोपली होती आणि बाबा मुद्दाम खळ्यावर जाऊन बसले होते. मी माजरीच्या कोळसा खाणीत कामाला निघालो होतो. आदल्या दिवशी ते एवढंच बोलले होते, "जमिनीवरचं काम सरलं काय, म्हणून जमिनीखाली चालला तू? तुह्या घरचं पानी नाई पेनार मी."

मायने त्या सकाळी कोंबडी कापली. आमच्या घरची रीत अशी, की कोणी लांब निघालं तर दोन्ही पंख त्याचे. एरवी काळजाच्या तुकड्यावरून भांडणारी आम्ही भावंडं अशा दिवशी पंखांना हात लावत नसू. मीठ, लसूण, पाट्यावर वाटलेली मिरची आणि जवसाचं तेल चोळून माय ते पळसाच्या पानात बांधायची आणि लाकडाच्या निखाऱ्यावर ठेवायची. पान जळून काळं झालं की आतला पंख मऊ झालेला असे. "पंख खाल्लेलं लेकरू वाट भुलत नाई," ती म्हणाली. मी खाल्ले, पण चव कळली नाही. डोळे सारखे खळ्याकडे जात होते.

वैनगंगा डोंग्यातून ओलांडली, मोटारीने चांदा गाठलं, पुढे रेल्वे. गावी कोंबडा आरवला की उठायचो, इथे भोंगा वाजला की. शिफ्ट, हजेरी, मुकादम हे शब्द महिनाभरात तोंडी बसले. तुम्ही गावी राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही सुखाला लागलो. जे माझ्यासारखे निघाले त्यांना काही सांगायला नको. दोन वर्षं मी पत्रं धाडली. मायचा निरोप कोणाकडून तरी यायचा, बाबांचा एकदाही आला नाही.

तिसऱ्या वर्षी ते स्वतःच, खाणीने दिलेल्या माझ्या खोलीच्या दारात उभे. मायने पाठवलं, म्हणाले. खांद्याला पाण्याचा तुंबा होता, गावाहून भरून आणलेला. मी पाण्याचा गडवा पुढे केला तर त्यांनी तुंब्यातलं पाणी प्यायलं. बाबांचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला राग आला आणि रडूही आलं.

मी बाजारातून कोंबडी आणली. एवढा लांब प्रवास करून आलेला माणूस, तेव्हा पंख त्यांचेच. मसाला मायसारखाच वाटला. पळसाची पानं कुठून आणणार? सिगडीत दगडी कोळसा पेटवला आणि पंख तसेच वर ठेवले. रानातला माणूस मी, निखारा म्हणजे निखारा एवढंच ठाऊक. या कोळशाचा धूर पुरता जाऊ द्यावा लागतो, हे सिगडीवर भाताचा गंज चढवताना कधी जाणवलंच नव्हतं. पंख काळे पडले आणि त्यांना गंधकासारखा उग्र वास लागला. दुसरं वाढायला काही तयार नव्हतं. मान खाली घालून तेच वाढले.

बाबांनी एक घास तोडला आणि ते थांबले.

"हा वास कायचा?"

"कोळशाचा."

"तुह्या अंगालेबी हाच येते. दारात भेटला तवाच आला मले." हातातला पंख त्यांनी ताटात ठेवला. आता ताट सारतील, असं मला वाटलं. "रोज याच धुरात रायतं तू?"

"हो, बाबा."

त्यांनी पंख पुन्हा उचलला. सावकाश, हाडापर्यंत खाल्ला. मग दुसराही. मी खोटं बोलणार नाही, ते पंख कुत्र्यानेही खाल्ले नसते. बाबांच्या तोंडावर मात्र सुरकुतीसुद्धा हलली नाही. खाऊन झाल्यावर हात पुढे केला.

"पानी दे, बाबू."

गडवा भरताना अर्धं पाणी मी जमिनीवरच सांडलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाकडे गेलो. आजवर त्या खोलीला मी क्वार्टरच म्हणत होतो. त्याला म्हणालो, "माझी पाळी बदलून द्या, घरी बाबा आहेत."