एकाच बागेच्या दोन बाटल्या

माझी शाळेतली मैत्रीण लग्न होऊन नाशिकजवळच्या एका द्राक्षबागायतदारांच्या घरात गेली. मुलुंडला माहेरी आली की नाहूरला माझ्याकडे तिची एक चक्कर ठरलेली. एकदा गणपतीत ती पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या घेऊनच आली.

आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. गिरणीच्या चाळीत दारूपायी मोडलेले संसार तिने पाहिले होते. "काय गो ह्यां? घरात बाटली?"

"मावशी, आमच्याच बागेतली आहे. नुसती चव बघायची."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दोन नमुने शेजारी दिसले की माझा हात आपोआप पुढे जातो. सरबताचे ग्लास काढले. पहिली वाइन लख्ख आंबट, लिंबाच्या सालीच्या वासाची. दुसरीला पिकल्या पेरूचा घमघमाट, पण जिभेवर सपक.

"द्राक्षं वेगळी आहेत ना?"

"नाही गं. एकच बाग, त्याच वेली. ही यंदाची, ती गेल्या वर्षीची."

"मग बनवताना वाट लावली कोणीतरी."

ती हसली. "हवा वेगळी होती. गेल्या वर्षी छाटणीनंतर ढग हटेनात, थंडी नावालाच. मण्यांत साखर भराभर भरली, आंबटपणा पळाला. यंदा थंडी रेंगाळली, द्राक्षं सावकाश पिकली."

आईने तेवढ्यात दोन्ही ग्लास हुंगून घेतले. "माका नको. वास बघतंय नुसतो."

एवढ्यावर माझं समाधान होईना. पुढच्या तोडणीला मी नाशिकला गेले. द्राक्षं कशी लागतात ते बघायचं म्हणून आईही आली.

त्यांच्या बागेतला जुन्या वेलींचा तुकडा बघून मी जरा हिरमुसले. काळी, पिळवटलेली खोडं आणि वेलीला मोजकेच घड. शेजारची त्यांचीच नवी बाग मात्र लगडलेली. मैत्रिणीचे सासरे जुन्या वेली उपटायच्या म्हणत होते, तिच्या नवऱ्याचा जीव त्यांत अडकलेला. मी दोन्हीकडचे मणी तोंडात टाकले. नव्या वेलीचा मणी टपोरा, रसाळ, आणि लगेच संपला. जुन्याचा बारीक, जाड सालीचा. आधी गोड, मग आंबट, मग सालीचा किंचित तुरटपणा.

"म्हाताऱ्या वेलींची मुळं खोल गेलीत," तिचा नवरा म्हणाला. "पाणी कमी पडलं तरी त्या घाबरत नाहीत. आणि घड थोडे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतं."

"मग नव्या वेलीचे घड आधीच कमी केले तर? तशीच चव येईल का?"

मैत्रिणीने कपाळाला हात लावला. "अगं, ह्यावरनंच तर घरात भांडणं चालतात!"

पण पुढच्या हंगामात त्याने खरंच नव्या बागेतल्या काही ओळींचे निम्मे घड हिरवे असतानाच काढून टाकले. सासरे दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्या ओळींची वाइन वेगळ्या टाकीत केली.

गणपतीत पुन्हा सरबताचे ग्लास निघाले, एकात जुन्या वेलींची वाइन, दुसऱ्यात त्या नव्या ओळींची. घड काढलेल्या नव्या वेलींची वाइन झकास होती. पहिल्या घोटाला तर मी जुनीच समजले. मैत्रिणीचा चेहरा पडला. चव सारखीच तर जुन्या वेली कशाला ठेवायच्या, म्हणजे सासरे जिंकले, असंच तिला वाटलं असणार. मग मी दोन्ही पुन्हा, घाई न करता चाखल्या. नवी गिळली की संपत होती. जुनी मागे उरत होती.

"आई, चमचाभर घेऊन बघतेस?"

आईने आधी दाराची कडी लावली. दोन्ही चाखल्या, डोळे मिटून बसली. "ही ऱ्हवता गो जिभेवर," ती जुनीकडे बोट करून म्हणाली.

त्यांच्या घरी शेवटी तडजोड झाली: अर्ध्या जुन्या ओळी गेल्या, अर्ध्या ठेवल्या. चव मागे उरते ती वेलीच्या वयामुळे, खोल मुळांमुळे की आणखी कशामुळे, हे मला पटेल असं अजून कोणी सांगितलेलं नाही. आता डिसेंबर आला की इकडे घरात पंखा फिरत असतो आणि मी मैत्रिणीला फोन लावते, "थंडी पडली का गं तुमच्याकडे?"