शिरीषदादांच्या निवृत्तीचा सौदा

किस्से कुणी जमवत नाही, ते फ्रिजमधल्या डब्यांसारखे मागे मागे साठत जातात. मग एक दिवस झाकण उघडायचीच भीती वाटते. आमच्या न्यू लिन या उपनगरातल्या बास्केटबॉल टीमचंही तसंच झालंय. टीम म्हणजे चाळिशी ओलांडलेले नऊ आयटीवाले. मी मॅनेजर, म्हणजे फॉर्म भरणारा आणि सगळ्यांच्या वतीने काळजी करणारा.

*

शिरीषदादा आमच्यात सगळ्यांत मोठे, त्रेपन्न वर्षांचे. टीम त्यांनीच काढली. दर वर्षी सांगतात, "हा आपला शेवटचा सीझन रे, गुडघा संपला." दोन वर्षांपूर्वी आम्ही निरोप समारंभसुद्धा केला. माधवीवहिनींनी पुरणपोळ्या केल्या, दादांनी भाषण केलं, आम्ही डोळे पुसले. पुढच्या रविवारी दादा सगळ्यांच्या आधी कोर्टवर हजर!

विचारलं तर म्हणाले, "अरे, नवे शूज घेतलेत. वाया घालवू का?"

*

यंदा लीगने नियम काढला. सीझन सुरू झाला की नवा खेळाडू घ्यायचा नाही. फक्त टीममधला कुणी निवृत्त झाला, तर त्याच्या जागी घेता येईल. दोन टीम्सनी आपापसांत अदलाबदल केली, तर मात्र चालेल. म्हणजे खेळणाऱ्यापेक्षा थांबणारा माणूस जास्त मोलाचा. झालं, सगळ्या टीम्सना दादांच्या गुडघ्याची काळजी लागली. दोन कॅप्टनांचे फोन आले, एकाने तर मालिशचं तेल आणून दिलं.

दादा भारावून गेले. "मन्या, लोकांचा माझ्यावर एवढा जीव आहे, मला माहीतच नव्हतं."

मी तेलाच्या बाटलीवरचं लेबल वाचू लागलो.

*

आमचा कॅप्टन निखिल एका कॅफेत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टाकानिनी टीमच्या कॅप्टनला, समीरला भेटला. समीरकडे वेलिंग्टनहून बदलून आलेला एक तगडा खेळाडू तयार होता, पण टीममध्ये जागा नव्हती. ठरलं असं, की दादांचं नाव टाकानिनीकडे जाईल, तिथे ते निवृत्तीच्या फॉर्मवर सही करतील आणि त्यांच्या जागी वेलिंग्टनवाला येईल. बदल्यात आम्हाला त्यांचा सहा फूट चार इंचांचा एक जण.

समीरने विचारलं, "काका नक्की रिटायर होतायत ना?"

"स्वीट ॲज, एकदम पक्कं," निखिल म्हणाला. "गेली पाच वर्षं होतायत."

अदलाबदलीचा ईमेल मी लीगला पाठवला. दादांना विचारलं नव्हतं. 'सही घेताना सांगू' असं निखिल म्हणाला आणि मी मान डोलावली. तिथे माझं चुकलं.

*

फॉर्म खिशात घालून मी दादांकडे तीनदा गेलो. एकदा पाहुणे होते. एकदा दादा गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढ-उतर करत होते, मी खालूनच परतलो. तिसऱ्यांदा वहिनींनी पोहे पुढे केले आणि दादा समोर येऊन बसले.

"डॉक्टर म्हणाले, अजून एक सीझन निघेल," ते म्हणाले. "तुला म्हणून सांगतो मन्या, रविवारचे ते दोन तास मी कुणीतरी आहे असं वाटतं. बाकी आठवडा काय, नुसत्या मीटिंगा."

पोहे छान झालेत म्हणालो आणि निघालो. गाडीत बसतोय तोच निखिलचा फोन.

"सही झाली?"

"नाही."

"निदान सांगितलंस तरी?"

"पोहे खाल्ले," मी म्हणालो.

*

रविवारी नेमकी टाकानिनीशीच मॅच. सकाळपासून दादांना चार फोन केले, एकही उचलला नाही. आमच्या बाकावर त्यांची जागा रिकामी. तेवढ्यात समीरने मला बाजूला ओढलं. त्याचा चेहरा पडला होता.

"काल मीच फॉर्म घेऊन काकांकडे गेलो. तुम्ही सांगितलं असेल असं वाटलं मला. त्यांनी पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, 'मी तुमच्या टीममध्ये आहे ना? मग खेळणार.'"

दादा आले ते टाकानिनीची नारिंगी जर्सी घालून. ती त्यांना पोटावर घट्ट होत होती. मॅचआधी दोन्ही टीम्स रांगेने हात मिळवतात. निखिलशी मिळवून ते माझ्यासमोर आले.

"दादा, ऐका ना..." मी म्हणालो.

त्यांनी माझा हात व्यवस्थित हातात घेतला.

"नमस्कार. मी शिरीष देशपांडे, टाकानिनी," ते म्हणाले. "आपलं नाव?"