कॉम्प्युटरला दगड

पोलादपूरच्या नाक्यावर ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारे एक काका आहेत. नाव अजून माहीत नाही, पण माझा कॉम्प्युटर त्यांनीच वाचवला, खरंच! मी हौसेने त्याला रेडिएटर आणि पंपवालं पाण्याचं कूलिंग बसवलं आणि तो तापून बंदच पडायला लागला. संध्याकाळी ताईच्या सासरचे लग्नाचा व्हिडिओ बघायला येणार होते, आणि एडिटिंग अर्धंच!

कॅबिनेट उचलून नेऊन त्यांच्या बाकड्यावर ठेवल्या ठेवल्या काकांनी त्याला मागून दगड लावला.

"काका, याला चाकं नाहीत!"

"घाटातली सवय हाय. चालू कर."

त्यांनी कान लावला. आत गुडगुड चाललेली.

"सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडातलं पाणी भरलंस काय रे?" काका हसले. "पंपात हवा धरलीय. रेडिएटर खाली नि पंप वर लावलास, मग हवा पंपातच बसणार ना, येड्या!"

आम्ही रेडिएटर वर चढवला. गुडगुड बंद! निघताना काकांनी दगडही माझ्या हातात दिला.

व्हिडिओ वेळेत झाला. ताईचे सासरे ट्रक चालवतात. त्यांनी व्हिडिओ सोडून कॅबिनेटमागचा दगडच न्याहाळला आणि गंभीरपणे म्हणाले, "पुढूनपण एक लाव."