मल्लिनाथ आणि त्याची गुडघे पावडर

मल्लिनाथला आयुष्यात एकच कला साधली, दुसऱ्याच्या अडचणीवर आपली चूल पेटवायची. आधी चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लावून देतो म्हणत चार वर्षं लोकांच्या चहावर जगला. मग प्लॉटची दलाली केली. ती अंगाशी आली, तसा एके दिवशी गळ्यात रुद्राक्ष घालून वैद्य झाला. कधी पुस्तक उघडलं नाही की खलबत्त्याला हात लावला नाही. कुठून तरी पोत्यानं पावडर यायची, ती हा डब्यांत भरायचा आणि डब्यावर हिमालयाचं चित्र चिकटवायचा. सोलापूरच्या उन्हात तो हिमालय दुपारपर्यंत सुटून लोंबायचा.

गिऱ्हाईक म्हणजे उभ्यानं काम करून गुडघे गेलेले कामगार आणि म्हाताऱ्या. दोन दिवसांत दुखणं पळायचं, हे मात्र खरं. त्याची आई सावित्रम्मासुद्धा त्या पावडरीवर जिना चढायला लागली होती. चेहरा कसा गोल गरगरीत झाला होता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "म्हातारपणी बाळसं धरलं की तुमी." मल्लिनाथ लगेच आईला गिऱ्हाइकांपुढं उभी करायचा. जाहिरात करायला जन्मदाती त्याला फुकट मिळाली होती.

थोरली सून दाक्षायणी हे बघत होती. तिचा नवरा सिद्धलिंग कुर्डुवाडीला रेल्वेत, म्हणून सासू तिच्याच पदरी. ती एका कॉलेजच्या सामाईक प्रयोगशाळेत काम करायची. आसपासच्या कॉलेजांना महागडी यंत्रं परवडत नाहीत, म्हणून सगळ्यांची मुलं फी भरून इथं यायची. कुणी निर्गुडीचा अर्क आणायचं, कुणी हळदीचा. त्यानं उंदराच्या पायाची सूज किती उतरते ते बघायचं, आणि अर्कात काय काय आहे ते यंत्रावर वेगळं करायचं. सूज एवढीशी उतरली तरी पोरं पेढे वाटायची.

मल्लिनाथला या यंत्राचा वास लागला.

"वहिनी, तुमच्या मशीनवर घालून एक सर्टिफिकेट तेवढं द्या की. डब्यावर छापतो. घरचंच काम हाय."

"घरचं असलं तरी फी लागते, भावजी."

तोंड वाकडं करत त्यानं फी भरली आणि पुडी दिली. तपासली, तर निव्वळ सुंठ आणि निर्गुडी. दाक्षायणीला तिथंच खटकलं. निर्गुडीचा गुण तिनं रोज पाहिलेला, खरा पण सावकाश चालणारा. दोन दिवसांत म्हातारीला जिना चढवणारा नव्हे. प्रयोगशाळेच्या सरांना विचारून तिनं सासूच्या डब्यातली चमचाभर पावडर तपासायला लावली. त्यात स्टेरॉइड निघालं, दुखणं झटकन दाबणारं आणि चेहरा सुजवणारं. तिनं पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. म्हणजे तपासणीला एक पावडर आणि आईच्या तोंडात दुसरी. एवढी अक्कल त्यानं शाळेत लावली असती, तर मॅट्रिक तरी झाला असता.

सूज म्हणजे बाळसं नव्हे, असं आपण सहज बोलून जातो. इथं ते सासूच्या गालांवर दिसत होतं.

दाक्षायणीनं विचारल्यावर डॉक्टरांनी बजावलं, "घेत राहिल्या तर हाडं ठिसूळ होतील. पण एकदम बंद केलंत तर जिवावर बेतेल. घेऊन या, हळूहळू कमी करू." पण सावित्रम्मा जागची हलेना.

"तुझ्या मशीनला काय कळतंय? माझा गुडघा काय सांगतोय ते ऐक की. पोरगं चार पैसे मिळवतंय ते बघवत न्हाय तुमाला."

रविवारी मल्लिनाथ सर्टिफिकेट न्यायला आला. दाक्षायणीनं सासूचा डबा उघडला, चमचाभर पावडर वाटीत घेतली, वर गूळ ठेवला आणि वाटी त्याच्यापुढं सरकवली.

"घ्या भावजी. तुमचेपण गुडघे दुखतात म्हणत होता की."

तो हसला. "नंतर घेतो."

"नंतर कशाला? जडीबुटीच हाय न्हवं," सावित्रम्मा म्हणाली. तिला यात काही वावगं दिसत नव्हतं. "घे की मल्ल्या."

त्यानं वाटी परत सरकवली. "मला शुगर हाय, आई. हे मला चालत न्हाय."

"गूळ काढून घे मग."

"गुळाचं न्हाय गं. पावडरीनंच वाढती." बोलून गेला आणि मग जीभ चावली.

सावित्रम्मा त्याच्याकडं बघतच राहिली. गेल्या महिन्यात तिलाही शुगर निघाली होती. जन्मात नव्हती ती कुठून आली, म्हणून घरभर चर्चा झाली होती आणि या पोरानंच सांगितलं होतं, वयानं होतंय.

"मला म्हाईत न्हवतं, पावडरवाल्या मालकानं सांगितलं म्हणून मी आपलं..." तो पुटपुटला. चप्पल शोधताना त्यानं दोन्ही पाय एकाच चपलेत घालायचा प्रयत्न केला. त्याला कुणी थांबवलं नाही, हाकललंही नाही. एवढी किंमत कोण देणार?

तो गेल्यावर सावित्रम्मा बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "उद्या ने मला डॉक्टरकडं. पन आता परत दुखंल न्हवं?"

"दुखंल, अत्ती. लई दुखंल."

"दुखू दे."

आणि तिनं डबा पलीकडं लोटला. दाक्षायणीनं तो परत ओढून घेतला. डॉक्टर भेटेपर्यंत आजचा चमचा चुकवून चालणार नव्हतं. दिराची ही घाण आजवर तिनं सासूला कधी भरवली नव्हती. आज तिनं स्वतः तो चमचा भरून सासूच्या तोंडापाशी धरला.

सावित्रम्मानं डोळे मिटून तोंड उघडलं.