टोपण लावलेलं पेन

सायमन नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात एका पक्षकारावर ओरडत होतो. फोनवर त्यांच्या पत्नी, मार्थाकाकू. "वकीलसाहेब, नाना गेले. सकाळी चहा घेतला न् बसल्या जागीच…" मला आधी रागच आला. खोटं कशाला सांगू? चार दिवसांपूर्वी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, माझं उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि हा माणूस परस्पर निघून गेला!

नाना पोलीस खात्यात हवालदार होते. मूळ देवळाली प्रवऱ्याचे, उसाच्या हिरव्या पट्ट्यातले. पण निम्मी नोकरी खर्ड्याकडच्या कोरड्या मुलखात आणि शेवटची वर्षं आमच्या तालुक्यात झाली. अक्षर मोत्यासारखं, म्हणून साहेब लोकांनी त्यांना कायम लिहायलाच बसवलं. फिर्याद असो, जबाब असो, पंचनामा असो, सगळं नानांच्या हातचं. फौजदारी वकील म्हणून मी त्यांची कागदपत्रं वाचायचो आणि उलटतपासणीत त्यांना फाडून खायचो. निवृत्त झाल्यावर हेच गृहस्थ रोज दुपारी माझ्या ऑफिसात यायचे, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि माझं डोकं खायचे.

त्यांची एक खोड होती. जबाब लिहून संपला, सही-अंगठा झाला, की ते पेनाला टोपण लावायचे, पेन खिशाला अडकवायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "आता लिहीत न्हाई मी. सांग, त्या येळी पोटात काय झालं?" आणि माणसं बोलायची हो! कागदावर 'मागील भांडणाची कुरापत काढून' एवढंच असायचं. टोपण लावल्यावर कळायचं की भांडण नव्हतंच, भीती होती, नाहीतर चारचौघांत झालेली शोभा होती. "वकीलसाहेब, गुन्हा समजायचा तर आधी मानसाच्या पोटात काय चाललं हुतं ते बघावं लागतं," असं ते म्हणायचे. मी चिडून विचारायचो, "मग ते लिहीत का नाही?" "त्याला रकाना कुठं हाय? लिहिलं की सायेब खोडायचे." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. सगळं ठाऊक असलेला एकमेव माणूस, आणि त्यानं त्यातलं एक अक्षरही कागदावर उतरवू नये!

आमचं ते शेवटचं भांडणही याच्यावरूनच झालं. कौसल्याबाई माझ्या पक्षकार. दिराच्या बागेतली लिंबाची अकरा झाडं भरदुपारी कुऱ्हाडीनं तोडल्याचा त्यांच्यावर आरोप. तोडून झाल्यावर बाई पळाल्या नाहीत, बांधावर बसून राहिल्या. बांधाचा जुना वाद होताच. दिराची फिर्याद लिहिताना नानांच्या हातून सवयीनं ओळ उतरली, 'बांधाच्या मागील भांडणाची कुरापत काढून'. दिरानं सही केली. मीही तीच ओळ पकडली: बांधाचा वाद आहे म्हणून बाईंना खोटं गुंतवलंय. सरकारी वकील बांधावर, मीही बांधावर. दोघांची छान सोय झाली.

त्या दिवशी नानांनी स्टुलावरूनच मला झापलं. "तो पंचनाम्याचा नकाशा नीट बघितला का तुमी? तोडलेली झाडं बागेच्या मधी हायेत. बांधाजवळच्या एकालाबी धक्का न्हाई. रागातलं मानूस दिसंल ते तोडतं. तिनं निवडून तोडली."

बाईंना ठाण्यात आणलं तेव्हा, टोपण लावल्यावर, त्यांनी नानांना सगळं सांगितलं होतं. ती अकरा झाडं बाईंच्या नवऱ्यानं लावलेली, दुष्काळात खांद्यावर कावड घेऊन जगवलेली. वाटणीत ती दिराकडे गेली, त्याचंही बाईंना काही नव्हतं. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला पानात वाढायला त्याच्या हातच्या झाडाची पाच लिंबं मागायला त्या गेल्या. तोडणीच्या बायकांसमोर दीर म्हणाला, "इथं त्याचं काय हाय आता?" बाई घरी आल्या, कुऱ्हाड घेतली आणि परत गेल्या.

"हे तिला कोर्टात सांगू द्या," नाना म्हणाले. मी भडकलो. "नाना, हा कबुलीजबाब होईल! बाई आत जाईल. भावनांवर खटले चालत नाहीत. आणि तुम्हाला एवढा कळवळा होता तर ती ओळ खरडलीत कशाला?" नानांनी हातातला कप खाली ठेवला. "चुकलंच माझं," म्हणाले, आणि गेले. ते शेवटचं.

दफनविधीनंतर काकूंनी त्यांचं पेन माझ्या हातात ठेवलं. "तुमच्याशीच जास्त भांडायचे," म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी तारीख होती. साक्षी संपल्या की शेवटी न्यायाधीश आरोपीला एकेक पुरावा सांगून त्यावरचं म्हणणं विचारतात. आम्ही वकील मंडळी पक्षकारांना एकच उत्तर पढवून ठेवतो. कौसल्याबाई पढवल्याप्रमाणे बोलल्या. खोटं हाय. खोटं हाय. खोटं हाय. मग न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपसूक नकारार्थी हलली. नानांच्या हातून ती ओळ उतरली होती ना, अगदी तशीच. "न्हाई," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "वकीलसाहेब, सजा झाली तर व्हऊ द्या. पन मी बांधासाठी तोडली असं कुनी म्हनू नये. इतभर बांधासाठी मी त्यांनी लावलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवीन व्हय?"

मी वैतागलो. "अहो बाई, मग दोन वर्षं माझ्याशी का बोलला नाहीत?"

"तुमी इचारलंच न्हाई."

वकिलीची इतकी वर्षं झाली, एवढ्या जणांची उलटतपासणी घेतली, आणि माझ्याच पक्षकाराला मी विचारलं नव्हतं. नानांवर चिडत राहिलो, लिहीत नाहीत म्हणून. त्यांनी निदान विचारलं तरी होतं.

परवा कौसल्याबाईंना ऑफिसात बोलावलं. कोर्टानं त्यांचा पुन्हा जबाब नोंदवून घ्यावा असा अर्ज द्यायचा, तर काय काय होऊ शकतं ते सगळं समजावून सांगितलं. शिक्षा होऊ शकते, हे दोनदा सांगितलं. त्या ऐकत होत्या. खिडकीजवळच्या स्टुलावरच बसल्या होत्या, दुसरी खुर्ची असून. मी नानांचं पेन काढून उघडलं. विचारायच्या आधी टोपण लावायला गेलो, त्यांच्यासारखंच… आणि थांबलो. टोपण बाजूला ठेवलं.

"बाई, त्या वेळी पोटात काय झालं?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या पेनाकडे.

"लिहा," त्या म्हणाल्या.